मातीत रेघा ओढणारा मुलगा

शिक्षण केवळ वर्गाच्या चार भिंतींतच होते, असे मानणाऱ्यांना जिव्या सोमा मशे यांचे चरित्र विचार करावयास लावते. मशे १९३४ साली जन्मले. ते डहाणू परिसरातील वारली समाजाचे. लहानपणीच आईचे छत्र हरपले आणि त्या आघाताने मुलाची वाणीच थांबली. पुढे कित्येक वर्षे तो मातीत रेघा ओढूनच मनातले सांगत असे.

वारली लग्नघरात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. मशे यांनी ही कला विधीपुरती न ठेवता नित्याच्या जीवनाकडे वळविली. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर्तुळ म्हणजे डोके. एवढ्यावर त्यांनी शेतात राबणारी, तारप्याभोवती नाचणारी माणसे जिवंत केली. मासेमारीच्या जाळ्याचा एकेक धागा त्यांनी ज्या चिकाटीने रेखाटला, ती चिकाटी हीच त्यांची पदवी होय.

१९७०च्या दशकारंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी हे सामर्थ्य ओळखले. भिंतीवरची चित्रे कागदावर व कापडावर आली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री, असा त्यांचा गौरव झाला. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतील चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) हेही असेच स्वयंशिक्षित. मोंटाना प्रांतात गुरे राखता राखता चित्रकार झालेले. १८८६–८७च्या भीषण हिवाळ्यात, कळपाची स्थिती कशी आहे या मालकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी बर्फात उभ्या असलेल्या एका हाडकुळ्या बैलाचे छोटे चित्र काढले. खटाव-माणच्या दुष्काळात जनावरांच्या छावण्या पाहिलेल्या आपणांस त्या चित्राचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

आपल्या वसतिगृहातही घर सोडून आलेली मुले कित्येक दिवस बोलत नाहीत. त्यांच्या वह्यांच्या मागील पानांवर मात्र बैल, मेंढरे, घर उमटलेले असते. ते पान फाडण्यापूर्वी आपण सर्वांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी, ते एकदा नीट वाचावे. कदाचित त्या मुलाने आपल्याला लिहिलेले ते पहिले पत्र असेल.