पाण्याखालचा फोटो

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत. तेथील चिमुकल्या जीवांचे फोटो काढायला आम्ही पाण्यात उतरलो.

पाण्यात श्वास कसा घेतात? पाठीवर धातूची टाकी बांधतात. पुष्कळांना वाटते, टाकीत नुसता प्राणवायू असतो. तसे नाही. आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. तोंडातल्या नळीतून ती लागेल तशी मिळते. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी हे साधन बनवले.

आता नीट लक्ष द्या. १० मीटर खोल, म्हणजे पाच-सहा पुरुष पाण्यात, दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगते, पार दुप्पट होते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटते. माणूस दगावतोसुद्धा!

आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरले. तो घाबरला, श्वास रोखून वर निघाला. शिकवणाऱ्याने त्याचा हात घट्ट धरला. खूण करून श्वास सोडायला लावला. मग दोघे सावकाश वर गेले. आमच्या काळजाचे पाणी पाणी झाले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलो. तोही आला, बरं का!

खडकावर चिंचोक्याएवढी गोगलगाय दिसली. अंगावर शंख नाही. अंड्यातून निघताना तिला इवलासा शंख असतो, पुढे तो गळतो. पाठीवर फुलासारखे कल्ले. पण रंग कळेना. पाणी आधी तांबडा रंगच गिळते. दिवा लावला, तर काळपट दिसणारी गोगलगाय लालभडक निघाली! हात लावायचा नाही, पाय आपटायचे नाहीत. गाळ उठला की फोटो गेलाच. एका फोटोसाठी आम्ही बराच वेळ ताटकळलो.

किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलांना फोटो दाखवला. खडकावर तिने घातलेली अंडी रिबिनीसारखी दिसत होती. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. म्हणाले, “चाळीस वर्सां हयच जाळा टाकतंय. पण ह्यां कधी बघूक नाय.”

मग त्यांनी नातवाला हाक मारली.