शोभेची केळ घेण्याआधी

अगं, बदलापूरच्या नव्या घराच्या गॅलरीत केळ लावायची ठरवलीयस ना, मग नर्सरीत जायच्या आधी जरा ऐक. 'शोभेची केळ' म्हटलं की तिथले लोक हेलिकोनियाही पुढ्यात ठेवतात. पान अगदी केळीसारखं, पण तुऱ्यावर चोचीसारखी लाल-पिवळी सहपत्रं येतात आणि केळी काही धरत नाहीत.

कुंडीसाठी मला म्युसा व्हेल्युटिना बरी वाटते. फार उंच होत नाही, केळफूल वर तोंड करून येतं. म्युसा ऑर्नाटाचंही तसंच येतं, म्हणून नुसत्या फुलावर जाऊ नकोस. फळावर बोट फिरव. गुलाबी आणि मखमली लव असलेलं असेल तर व्हेल्युटिना. पिकल्यावर तिची साल आपोआप उलगडते आणि आतल्या काळ्या बिया दिसतात. खायचा विचार मात्र सोडून दे, आत बियाच जास्त.

पण खरं सांगू? माझा जीव आपल्या रानकेळीवर. कोकणात तिला कवदर म्हणतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर, कातळाच्या फटीत हिरवीगार उभी असते ती. बुंधा खाली फुगलेला, केळफूल लोंबतं, त्याची सहपत्रं तपकिरी-लाल. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने तिला म्युसा प्रजातीत घातलं होतं, 1940च्या दशकात चीझमनने एन्सेट प्रजातीत नेलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे बाजूला पिल्लं फुटत नाहीत. काही वर्षांनी एकदाच फुलते, फळते आणि संपते.

म्हणून ती बियांपासूनच करायची. बी टणक, कोमट पाण्यात एक-दोन दिवस भिजव आणि मग धीर धर, कोंब यायला महिनेही लागतात. लाल माती, वाळू, थोडं शेणखत, आणि कुंडीला भोक मोठं हवं, आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेची गॅलरी टाळ. वाऱ्याने पानं फाटली तर घाबरू नकोस, केळीची पानं फाटतातच.

दिवाळीनंतर रानकेळीची पानं सुकतात, खोड बसतं. कितीतरी जणी मेली समजून कुंडी रिकामी करतात! कंद आत जिवंत असतो. पाणी तोडून कुंडी कोपऱ्यात ठेव, पावसाळ्यात ती पुन्हा वर येते.

आणि कुणी डोंगरावरून खणून आणलेली रानकेळ विकत असेल तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नकोस. पिल्लं नसल्यामुळे फळण्याआधीच खणली की त्या जागी मागे काही उरत नाही. विकणाऱ्यालाही तसं स्पष्ट सांग.