गाठोड्याचे ओझे आणि अक्षराचे वळण

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असलेल्या मराठी कुटुंबांना तीन भाषांशी सहज संबंध येतो: बाजारात हिंदी, पाठात संस्कृत आणि घरात मराठी. तिन्हींची लिपी देवनागरी. अशा घरातील संगणकावर लिनक्स प्रणाली बसवताना किती टंक, म्हणजे फॉन्ट, उतरवून घ्यावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण सोय आणि आकारमान यांचा मेळ कसा घालावा, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

लिनक्सवरील आज्ञावल्या, टंक, शब्दकोश ही सर्व सामग्री बांधलेल्या गाठोड्यांच्या रूपाने दूरच्या भांडारातून येते. या गाठोड्याला पॅकेज म्हणतात आणि ती मागवणारा, जुळवणारा, काढून टाकणारा पॅकेज व्यवस्थापक हा या भांडाराचा कोठावळा होय. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात एका गाठोड्याचे दुसऱ्याशी असलेले नाते मुख्यतः तीन पायऱ्यांनी नोंदतात. पहिली अवलंबनाची, ते नसेल तर आज्ञावली चालतच नाही. दुसरी शिफारशीची, ज्याची बहुतेकांना गरज भासेल असे. तिसरी केवळ सूचनेची. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीपासून शिफारस केलेली पॅकेजेही आपोआप येऊ लागली. नवशिक्याची सोय झाली, परंतु उतरवण्याचा भारही वाढला. ज्याला तो नको असेल त्याला एका पर्यायाने शिफारशी नाकारता येतात; मात्र असा पर्याय आहे हे त्याला मुळात ठाऊक हवे!

इतरांनी निराळे मार्ग धरले. अल्पाइन या वितरणात माहितीपुस्तिका वेगळ्या गाठोड्यात बांधतात, तर आर्चमध्ये त्या सहसा मूळ पॅकेजातच असतात. गाठोडी बारीक केली की प्रत्येक हलके होते, पण भांडाराची सूची लांबते, आणि ती सूचीही उतरवावीच लागते. फेडोराने २००९ पासून बदललेला भागच पाठवण्याची युक्ती वापरली. वाचकाच्या यंत्राने जुन्या प्रतीवरून नवी प्रत स्वतः घडवायची, अशी ती योजना होती. घडवण्याचे श्रम आणि सूचीचा वाढलेला भार पाहता बचत फारशी उरेना. अखेर २०२४ मध्ये चाळिसाव्या आवृत्तीत ती सोडून देण्यात आली.

टंकांचे उदाहरण अधिक बोलके आहे, आणि ते पुण्याशी जोडलेले आहे. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या संस्थेकडून मिळालेले 'लोहित' टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. आरंभी हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा भाषांसाठी वेगवेगळी पॅकेजे होती. अक्षरे बहुतांशी तीच, म्हणजे एकच ऐवज पुनःपुन्हा वाहून न्यायचा. तथापि वेगळेपण निरर्थक नव्हते. मराठीत 'ल' पाकळीयुक्त आणि 'श' देठयुक्त लिहावा, असे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आहे. हिंदीत या अक्षरांचे वळण निराळे. युनिकोडमध्ये मात्र 'ल' ला भाषेगणिक वेगळा संकेतांक नाही. वळण ठरवणे हे टंकाचेच काम.

२०१२ च्या सुमारास ही पॅकेजे एका देवनागरी टंकात विलीन झाली. एकाच संकेतांकासाठी दोन आकार टंकात ठेवायचे आणि मजकुराची भाषा पाहून योग्य तो उमटवायचा, ही ओपनटाइपमधील सोय त्यामुळे उपयोगी पडली. थोड्या जादा आकारांच्या बदल्यात अनेक पॅकेजांची पुनरुक्ती टळली. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सौदा चांगला आहे. पण तो फुकटचा नाही. मजकूर मराठी आहे हे लेखनाच्या आज्ञावलीने टंकाला सांगावे लागते. ते सांगितले नाही तर टंक आपले मूळचे रूप पुढे करतो. म्हणूनच काशीतील एखाद्या घरी योग्य टंक बसवलेला असूनही मराठी पत्रात हिंदी वळणाचा 'ल' उमटू शकतो. अशा वेळी दुसरे पॅकेज मागवण्याआधी त्या मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदली आहे की नाही, हे पाहावे.