तहान हा विकार नव्हे



काशीच्या गंगेची कावड रामेश्वरी नेत असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि श्रीएकनाथमहाराजांनी ते गंगोदक त्याच्या मुखी घातले. ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकतो आणि डोळे पुसतो. पण तेच आपण स्वतःचा देह मात्र तहानेला ठेवतो, याचा विचार होत नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्याच ज्येष्ठात वर्धेच्या काठच्या कौंडण्यपुराहून श्रीरुक्मिणीमातेची पालखी पंढरीस निघते, आणि त्याच महिन्यात निर्जला एकादशीही येते. म्हणून हा विषय आधी आपला आहे.

पाणी आटते म्हणजे काय? प्रौढ माणसाच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. उन्हात चालताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि त्याबरोबर मीठही जाते. पन्नास किलोच्या माणसाचे एक लिटर पाणी गेले की डोके दुखते, पाय जड होतात, नामात चित्त लागत नाही. अडीच लिटर गेले की चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात. पाच लिटर गेले तर प्राणावर बेतते. रक्त दाटते, लघवी थांबते, मूत्रपिंडे काम सोडतात.

आपण कुठे चुकतो? पहिली चूक म्हणजे "तहानच नाही लागली जी!" असे म्हणणे. म्हातारपणी तहानेची जाणीव मंद होते. देह कोरडा पडला तरी घसा सांगत नाही. म्हणून वृद्धांनी तहानेची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत जावे.

दुसरी चूक आपल्या मायबहिणींची, आणि खरे म्हणजे दोष त्यांचा नव्हे. वाटेत आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, मुतखडा असे दुखणे मागे लागते. मुक्कामावर आणि विसाव्याच्या ठिकाणी बायकांसाठी आडोसा करणे हे दिंडीचालकांचे कामच आहे. मंडप नंतर, आडोसा आधी!

तिसरी चूक व्रताची. उन्हात चालणाऱ्याने, म्हाताऱ्याने, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या बाईने निर्जळी करू नये. एकादशीला अन्न वर्ज्य आहे. पाणी, साखर, लिंबू नि सैंधव यांत धान्य कुठे आले? तेव्हा उपवास मोडत नाही.

उपाय काय? एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालावा. चव अश्रूंहून खारट नसावी. साखर ही आतड्यात मिठाला सोबत नेते आणि त्यामागोमाग पाणी जाते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे पाणी लवकर भिनते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली तेव्हा बंगालमधील बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा ४ च्या खाली आले! आज याच तत्त्वाची पुडी सरकारी दवाखान्यात मिळते. ताक, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी हेही चांगले. मात्र हृदयाचा, मूत्रपिंडाचा वा रक्तदाबाचा विकार असेल त्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

खूण कोणती? लघवी गडद पिवळी नि थोडी झाली तर पाणी कमी पडते आहे. जुलाब होणाऱ्या लेकराचे डोळे खोल गेले, रडताना आसू येईनात, तर दवाखाना गाठावा. अंग तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, तर तो उष्माघात समजावा. सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय, जसे वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय वा सेवाग्रामचे कस्तुरबा, तात्काळ गाठावे.

नाथांनी गाढवात रामेश्वर पाहिला. आपल्या शेजारी चालणाऱ्या माउलीत तोच आहे, आणि आपल्या देहातही तोच. तेव्हा तांब्या पुढे करा, आणि स्वतःही प्या.

रामकृष्णहरी!