अडखळणारं मूल आणि खोलीबाहेर बसलेले आईबाबा

अडीच-तीन वर्षांचं मूल कालपर्यंत घडाघडा बोलत असतं आणि एके सकाळी 'म-म-म-मला दूध' म्हणून अडतं. घरात लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, मोठा झाला की सुटेल, कुणीतरी मामा-काका लहानपणी असाच बोलायचा, आता बँकेत मॅनेजर आहे. दुसरा तट त्याच रात्री मोबाइलवर खारघरमधली थेरपी सेंटर्स शोधतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेंटरमध्ये आगाऊ पैसे भरून येतो. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे पालक येतात आणि दोघांची काळजी मला समजते. दोघांना माझं सांगणं एकच असतं. तपासणीला उशीर करू नका, पण थेरपिस्ट निवडायला एक-दोन आठवडे लागले तर लागू द्या. आणि फी विचारण्याआधी हे विचारा: 'सेशन चालू असताना आम्ही आत बसायचं की बाहेर?'

या प्रश्नाला इतकं महत्त्व का, ते पुढे सांगते. आधी थोडं दुखण्याबद्दल.

तोतरेपण बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, आणि त्यातही तिसऱ्या वर्षाच्या आसपास जास्त. शंभरातल्या साधारण पाच ते आठ मुलांना कधी ना कधी हा टप्पा येतो. मूल शब्दांवरून वाक्यांवर येत असतं त्याच काळात हे घडतं, कधी आठवडाभरात, कधी अक्षरशः एका रात्रीत. म्हणून पालक कारण शोधू लागतात. कुत्रा अंगावर आला, धाकटी बहीण जन्मली, नर्सरी सुरू झाली, बाबा ओरडले. यातलं काहीही तोतरेपणाचं मूळ नसतं. मेंदूत बोलण्याची जुळणी कशी होते याच्याशी त्याचा संबंध आहे आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. 'आईबाबांनी नावं ठेवली म्हणून मूल तोतरं झालं' ही समजूत अमेरिकेत वेंडेल जॉन्सन या संशोधकामुळे विसाव्या शतकात बरीच पसरली होती. ती टिकली नाही. तेव्हा आईनं स्वतःला दोष देणं थांबवावं, आणि घरातल्यांनी आईला दोष देणं तर आधी थांबवावं.

प्रत्येक अडखळणं म्हणजे तोतरेपण नव्हे. 'मला... मला ना... ते लाल, नाही, निळं पाहिजे' असं मूल विचार करत बोलतं, शब्द किंवा वाक्याचा तुकडा पुन्हा म्हणतं, हे या वयात सर्रास होतं. 'काका'ला 'ताता' म्हणणं हे बोबडं बोलणं झालं, तो वेगळा विषय. तोतरेपणात शब्दाचा पहिला तुकडाच पुन्हापुन्हा येतो, 'ब-ब-ब-बस'. किंवा आवाज ताणला जातो, 'आऽऽऽई'. किंवा तोंड उघडं राहतं आणि आवाज बाहेरच पडत नाही. हा तिसरा प्रकार पाहणाऱ्याच्या काळजाला फार लागतो. त्याबरोबर डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं, तोंडावर हात धरणं दिसलं, किंवा मूल 'मला बोलता येत नाही' म्हणालं, तर महिने मोजत बसू नका.

'मोठा झाला की सुटेल' म्हणणाऱ्या आजी-आजोबांचं अगदीच चुकतं असं नाही. अशा दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचं तोतरेपण पुढच्या काही वर्षांत सुटतं. अडचण अशी की आपलं मूल चौथं आहे का, हे आज कुणालाच सांगता येत नाही. अंदाज मात्र बांधता येतो. जवळच्या नात्यात मोठेपणीही तोतरं बोलणारं कुणी असेल, मूल मुलगा असेल, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, वर्ष होत आलं तरी उतार नसेल किंवा बोलण्याच्या इतर तक्रारीही असतील, तर आपोआप सुटण्याची शक्यता कमी होते. म्हणूनच एकदा तज्ज्ञाकडून नीट तपासून घ्या. थेरपी लगेच सुरू करायची की काही महिने लक्ष ठेवून थांबायचं, हे तिथे ठरेल. तज्ज्ञानं 'थांबू, पण दर महिन्याला मला कळवा' असं सांगणं आणि घरी नुसतं गप्प बसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शाळेचं वय होईपर्यंत मात्र रखडू नये. लहान वयात ही थेरपी जितकी सोपी असते तितकी नंतर राहत नाही.

थेरपिस्टच्या आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना एक गोष्ट आवर्जून विचारा. मुलाला कुठली औषधं चालू आहेत? आपल्याकडे वारंवार होणाऱ्या खोकल्यासाठी, बाळदम्यासाठी मॉन्टेलुकास्ट बरंच दिलं जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च 2020 मध्ये या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वागणुकीत आणि मनःस्थितीत होऊ शकणाऱ्या दुष्परिणामांच्या त्यांच्या यादीत तोतरेपणाचाही उल्लेख आहे. हे क्वचित होतं, पण औषध सुरू झालं आणि लगेच अडखळणं सुरू झालं असा मेळ दिसला तर डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका. तोतरेपणाबरोबर फिट आली, चालताना तोल जाऊ लागला, डोक्याला मार लागला असेल, तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. ऐकण्याची तपासणीही याच वेळी उरकून घ्या.

आणि कृपा करून शंखातलं पाणी, जिभेखाली खडे किंवा गोट्या, जिभेवर उगाळलेलं वेखंड यांच्या वाटेला जाऊ नका. गोटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतेल. जिभेखालचा पडदा कापून तोतरेपण जात नाही. ते जिभेचं दुखणंच नाही.

आता थेरपिस्ट. स्पीच थेरपिस्टचं शिक्षण म्हणजे बीएएसएलपी ही पदवी किंवा त्यापुढची एमएएसएलपी. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असावी लागते. त्यासाठी 1992 चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. चांगला थेरपिस्ट तो स्वतःहून सांगतो, फाइलवर छापलेलाही असतो. पदविका घेतलेली मंडळी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली उत्तम काम करतात, पण मग तो तज्ज्ञ कोण आणि मुलाला प्रत्यक्ष कधी पाहतो, हे विचारा. काही ठिकाणी पाटी स्पीच थेरपीची असते आणि काम मुख्यतः श्रवणयंत्रांचं. तिथल्या तज्ज्ञांची पदवी खरीच असते, पण तीन वर्षांच्या तोतऱ्या मुलांचा अनुभव वेगळा. 'या वयाची किती तोतरी मुलं तुम्ही पाहता आणि कोणत्या पद्धतीनं?' असं सरळ विचारावं.

खारघरला राहणाऱ्यांना एका अर्थी सोयीचं आहे. राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरमध्येच आहे. नाव वाचून पालक बिचकतात. तोतरेपणाचा बुद्धीशी काही संबंध नाही, पण मुलाचं बोलणं एकूणच मागे असेल तर तिथे चौकशी करण्यात कमीपणा कसला? नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथल्या कान-नाक-घसा विभागात फोन करून वाचातज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते विचारा. वांद्रे रेक्लमेशनला 1983 मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, खास वाचा आणि श्रवण यांसाठीची. पनवेलहून गोरेगावकडे जाणारी हार्बरची लोकल खारघरहून थेट वांद्र्याला नेते. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन दर आठवड्याला हा प्रवास झेपेलच असं नाही, पण पहिलं मूल्यमापन तिथे आणि थेरपी घराजवळ, असं करणारी कुटुंबं आहेत आणि मला ते पटतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. 'तुम्ही बाहेर बसा, मूल तुमच्यासमोर करत नाही,' असं सांगून दार बंद करणारी जागा या वयाच्या तोतरेपणासाठी योग्य नाही. मूल आठवड्यातून एखादा तास थेरपिस्टजवळ असतं, त्याहून कितीतरी जास्त वेळ तुमच्याजवळ. या वयातल्या ज्या पद्धतींचा नीट अभ्यास झाला आहे, त्या सगळ्यांमध्ये घरी काम आईबाबाच करतात आणि थेरपिस्ट त्यांना शिकवतो. ऑस्ट्रेलियात सिडनीला विकसित झालेली लिडकोम्ब पद्धत घ्या. त्यात पालक रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाशी ठरलेल्या तऱ्हेनं खेळत बोलतात. सरळ बोललेल्या वाक्याला दाद देतात आणि अडखळलेल्या शब्दाचा उल्लेख अगदी क्वचित, हलकेच करतात. रोज रात्री शून्य ते नऊ या मापावर दिवसाला गुण देतात. न्यूझीलंडमधल्या 54 मुलांवरच्या चाचणीत ही थेरपी घेणाऱ्या मुलांचं तोतरेपण नऊ महिन्यांत बाकीच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरलं. 2005 मध्ये ते बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर लिडकोम्बची तुलना दुसऱ्या एका पद्धतीशी केली. या दुसऱ्या पद्धतीत मुलावरचा बोलण्याचा ताण कमी करण्यावर भर असतो. दीड वर्षानंतर दोन्ही गटांतली सुमारे तीन-चतुर्थांश मुलं तोतरेपणातून बाहेर आली होती. म्हणून पद्धतीच्या नावावर अडून बसू नका. थेरपिस्टला ती पद्धत नीट येते का आणि तो तुम्हाला हाताशी घेतो का, इतकं पाहा. मात्र हे वाचून 'नीट बोल' अशी दुरुस्ती घरी सुरू करू नका. शिकवल्याशिवाय केलेली दुरुस्ती मुलाला टोचते.

चांगलं पहिलं सेशन कसं दिसतं? थेरपिस्ट जमिनीवर बसलेली असते, समोर भातुकली किंवा गाड्या. ती मुलाला नाव विचारत नाही, कविता म्हणायला लावत नाही. आईला खेळायला सांगते आणि स्वतः मागे सरकून ऐकते, हातात पेन, प्रत्येक अडखळण्याची खूण कागदावर. मग तुम्हाला विचारते: केव्हापासून, कसं सुरू झालं, घरात आणखी कुणाला, पाळणाघरात कसं बोलतो. शेवटी सांगते, 'या आठवड्यात घरी हे एवढंच करा, पुढच्या वेळी मला करून दाखवा.' याउलट शिट्ट्या फुंकणं, फुगे, जिभेचे व्यायाम, तोंडात फिरवायचे ब्रश यांतच सेशन संपत असेल, तर पैसे वाया चाललेत; तोतरेपणावर याचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही. महिन्यात बरं करण्याची हमी किंवा तीस सेशनचे पैसे आधी भरण्याची अट, दोन्हींना नम्रपणे नाही म्हणा.

जाताना मोबाइलवर घरचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ न्या, मूल खेळता खेळता बोलतानाचा. कॅमेरा तोंडासमोर धरू नका आणि बोलायला सांगू नका. कित्येक मुलं नेमकी क्लिनिकमध्ये छान बोलतात आणि मग आईबाबांवर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्यांना येणं-जाणं अशक्य आहे त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलवरून लिडकोम्ब थेरपी देऊन ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला आहे आणि निकाल क्लिनिकमधल्या थेरपीच्या तोडीचा आला. तेव्हा पुण्याची किंवा नाशिकची थेरपिस्ट ऑनलाइन मिळत असेल तर तीही धरा. या वयात शिकवणी आईबाबांची असते, त्यामुळे मुलाला पडद्यासमोर तासभर बसवावं लागत नाही.

एक सल्ला खारघरमध्ये फार दिला जातो: घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, मुलाचा गोंधळ होतो. नका करू. घरी मराठी, गार्डनमध्ये हिंदी, नर्सरीत इंग्रजी, हे आपल्याकडच्या मुलांचं रोजचं जगणं आहे. एकाहून जास्त भाषांमुळे तोतरेपण येतं असं सिद्ध झालेलं नाही. आणि आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली तर मूल आणखी गप्प होईल. थेरपिस्ट मात्र शक्यतो तुमच्या घरची भाषा समजणारी असावी.

तोवर घरी काय कराल? तुम्ही स्वतः जरा सावकाश बोला, वाक्यांमध्ये थांबा. 'हळू बोल', 'श्वास घे', 'विचार करून बोल' हे तिन्ही बंद. शब्द पुरा करून देऊ नका. मूल स्वतःच वैतागलं तर 'अडकला ना शब्द? असू दे, मी ऐकतेय' इतकं पुरे; विषय टाळण्याची गरज नाही. पाहुण्यांसमोर, गावच्या व्हिडिओ कॉलवर 'आजोबांना शुभंकरोति म्हणून दाखव' नको. पाळणाघरातल्या काकूंना आणि नर्सरीच्या टीचरना समजावून सांगा, कारण दिवसातले आठ-नऊ तास मूल त्यांच्याकडे असतं. नक्कल करणाऱ्या मोठ्या भावंडाला रागावण्याऐवजी बाजूला घेऊन सांगा.

चढउतार होतील. दोन आठवडे स्वच्छ जातील आणि ताप आला किंवा गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की पुन्हा अडखळणं वाढेल. म्हणून डायरीतले रोजचे गुण महत्त्वाचे. तुमच्याकडे सलग नोंदी असल्या की थेरपिस्टला एक वाईट आठवडा आणि खरी घसरण वेगळी करता येते. काही महिने नियमित काम करूनही सरासरी हलली नाही, तर दुसऱ्या थेरपिस्टचं मत घ्या, तसं पहिलीला सांगूनच घ्या आणि सगळ्या नोंदी सोबत न्या. बोलणं सरळ झाल्यावरही सेशन एकदम तोडू नका. भेटींमधलं अंतर हळूहळू वाढवत वर्षभर संपर्क ठेवतात. जूनमध्ये मूल मोठ्या शाळेत गेलं आणि 'म-म-मला' पुन्हा कानावर आलं, तर पहिल्या आठवड्यातच थेरपिस्टला फोन करा आणि त्या दिवसापासूनचे गुण पुन्हा लिहायला घ्या.