बाभळीखालचा स्वाध्याय

आमच्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. स्वाध्याय म्हणजे पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणे, अशी घरची समजूत. या पावसाळ्यात मात्र मी वही घेऊन विहिरीवरच्या बाभळीखाली बसू लागलो.

पद्धत साधी आहे. जागा एकच, वेळ ठरलेली. डाव्या पानावर डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे, उजव्या पानावर आपला तर्क. दोहोंची सरमिसळ होऊ द्यायची नाही.

आपण ‘सुगरण’ म्हणतो. परंतु घरटे विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. गवताच्या पात्यांचे लांब धागे तो चोचीने काढतो. घरटे अर्धे होताच मादी येऊन पारखते. तिला पसंत पडले तरच खालची नळी पुरी होते. मग अंडी उबवण्याचे काम मादीकडे. नर दुसरे घरटे आरंभतो. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचा असाच अभ्यास केला होता. ग्रंथालयात ते वाचले, तेव्हा माझे डावे पान त्याच्याशी जुळले.

“याचे मार्क मिळतात का?” वडिलांनी विचारले. “नाही,” मी म्हणालो. थोडा वेळ वर पाहून ते म्हणाले, “मग ती अर्धवट सोडलेली बी मोज.” मोजली. सात पुरी, चार अर्धी. ती नोंद वडिलांची म्हणून वहीत आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी ग्रंथ नाहीत. पण बांध आहे, झाड आहे आणि ते आयुष्यभर पाहिलेली माणसे आहेत. वही तेवढी आपण न्यावी.