पावसाळा आला की मानेवर इसब

प्रश्न : वडील बांधावरचं गवत काढतात. दर पावसाळ्यात त्यांच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या खाचा लाल होऊन खाजतात, पाणी सुटतं. घरात पसरेल का?
– एक वाचक, हिवरे बाजार

उत्तर : वर्णनावरून हा इसब वाटतो आणि तो स्पर्शाने लागत नाही. त्यांचं ताट, अंथरूण कृपया वेगळं करू नका. खाजेपेक्षा ते जास्त लागतं.

जागा आणि ऋतू पाहता माझा संशय गाजरगवतावर आहे. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आज प्रत्येक बांधावर आहे. त्यातलं पार्थेनिन कातडीला डिवचतं. वाळलेला भुगा वाऱ्यावर उडतो, म्हणून हात न लावताही पापण्या सुजतात. पॅच टेस्टने खात्री होते.

गवत दुसऱ्याने, हातमोजे घालून, फुलोऱ्याआधी उपटावं. वडिलांनी शेतातून येताच कोमट पाण्याने अंघोळ करावी, अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन चोळावं, कपडे रोज बदलावेत.

मेडिकलमधून नायट्याचं म्हणून मिळणारं मिश्र मलम मात्र नको. त्यातल्या स्टिरॉइडने चार दिवस बरं वाटतं, पुढे कातडी पातळ होते. स्टिरॉइड वाईट नाही. पण कुठलं, कुठे, किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.